कार्लो ट्रेस्का : डोळस देशप्रेमाची कहाणी

पोटासाठी परमुलखात गेलेल्या माणसाचे मायभूमीवरील प्रेम दूरत्वाने अधिकच उत्कट होते, हे बृहन्महाराष्ट्रातील आम्हां मराठीजनांस सांगावयास नको. मात्र ते प्रेम डोळस राखणे कठीण. इटालियन कामगारपुढारी कार्लो ट्रेस्का यांनी ते राखले.

१८७९ साली इटलीतील सुल्मोना येथे जन्मलेले ट्रेस्का तरुणपणीच रेल्वे कामगारांची संघटना बांधू लागले व समाजवादी पत्र चालवू लागले. बदनामीच्या खटल्यात शिक्षा होताच त्यांनी देश सोडला आणि १९०४ मध्ये ते अमेरिकेस पोहोचले. तेथे खाणींत व गिरण्यांत राबणारे, परक्या भाषेमुळे नाडले जाणारे देशबांधव त्यांनी पाहिले आणि त्यांच्यासाठी इटालियन भाषेतच वृत्तपत्रे काढली. लॉरेन्सच्या कापडगिरण्यांतील १९१२ चा लढा, पॅटर्सनच्या रेशीम-कामगारांचा १९१३ चा संप, मिनेसोटातील लोहखाणींचा १९१६ चा संप, या तिन्हींत ते अग्रभागी होते. मिनेसोटात तर खुनाचा आरोप ठेवून त्यांना काही महिने कोठडीत डांबण्यात आले.

१९२२ साली मुसोलिनी सत्तेवर आला. अमेरिकेत हेटाळणी सोसलेल्या अनेक इटालियनांस तो आपली मान उंचावणारा पुरुष वाटला. धनिक मंडळी त्याचे गोडवे गाऊ लागली. ट्रेस्का यांनी मात्र ‘इल मार्तेल्लो’, म्हणजे ‘हातोडा’, या आपल्या पत्रातून आणि जाहीर सभांतून फॅसिस्टांवर निकराचा हल्ला चढविला. इटालियन वकिलातीने तक्रार केली. पत्रात संततिनियमनावरील पुस्तकाची जाहिरात छापल्याचे निमित्त करून १९२३ मध्ये त्यांना एक वर्ष व एक दिवसाची शिक्षा ठोठावण्यात आली. र. धों. कर्वे यांनी सोसलेला छळ ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या निमित्ताचे नवल वाटणार नाही. पुढे राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी ती शिक्षा चार महिन्यांवर आणली. सुटून येताच ट्रेस्का पुन्हा कामास लागले. स्टालिनच्या दडपशाहीचाही त्यांनी तितक्याच निर्भयपणे निषेध केला.

११ जानेवारी १९४३ च्या रात्री न्यूयॉर्कमध्ये भररस्त्यात गोळ्या घालून त्यांचा खून झाला. त्या गुन्ह्याबद्दल कोणासही शिक्षा झाली नाही. अवघ्या सहा महिन्यांनी मुसोलिनीचे आसन कोसळले. ते पाहणे मात्र ट्रेस्का यांच्या नशिबी नव्हते.

परदेशी मातृभाषेत गोड बोलून आपल्या माणसांस सुखावणारे पुष्कळ असतात. त्याच भाषेत त्यांस कटू सत्य ऐकविणारा विरळा. ट्रेस्का यांचे थोरपण आम्हांस यातच दिसते.