लीझ माइट्नर : पाटीवर नसलेले नाव

म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये एक लाकडी टेबल अनेक दशके प्रेक्षकांना दाखवले जात असे. त्यावर पॅराफिनचा ठोकळा, गायगर गणित्रे, बॅटऱ्या आणि तारांचे जंजाळ. अणूचे केंद्रक दुभंगू शकते हे ज्या प्रयोगांतून जगाला कळले, त्यांची ही सामग्री. पाटीवर नाव एकच होते, ओटो हान यांचे. वास्तविक हान हे रसायनशास्त्रज्ञ आणि टेबलावरची बहुतेक उपकरणे भौतिकी विभागातली. तो विभाग वीस वर्षे ज्यांनी सांभाळला, त्या लीझ माइट्नर यांचा साधा उल्लेखही तेथे नव्हता. पुढे आक्षेप घेतले गेले, तेव्हा कुठे पाटी बदलली.

लीझचा जन्म १८७८ मधला, व्हिएन्नातील ज्यू कुटुंबात. वडील वकील, आठ भावंडांत ती तिसरी. मुलींची शाळा तेव्हा चौदाव्या वर्षी संपत असे. ऑस्ट्रियातील विद्यापीठांनी १८९७ मध्ये स्त्रियांना दार किलकिले केले, पण प्रवेशपरीक्षेसाठी लागणारा शाळेतला अभ्यास या मुलींना कोणी शिकवलेलाच नव्हता. लीझने तो खासगी शिकवणीतून भरून काढला आणि १९०१ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठात पाऊल टाकले. लुडविग बोल्ट्झमान यांच्यासारखे गुरू तेथे लाभले. १९०६ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली आणि पुढच्याच वर्षी माक्स प्लांक यांची व्याख्याने ऐकण्यासाठी त्यांनी बर्लिन गाठले.

बर्लिनमध्ये हान यांच्याशी सहकार्य जुळले खरे. मात्र एमिल फिशर यांच्या रसायनसंस्थेत स्त्रियांना मज्जाव होता. तडजोड म्हणून तळघरातली सुतारकामाची जुनी खोली लीझबाईंना देण्यात आली. तिचे दार वेगळे होते. वरच्या मजल्यावरील प्रयोगशाळांत त्यांनी जायचे नाही, अशी अट होती. स्वच्छतागृहासाठी जवळच्या उपाहारगृहात जावे लागे. ही बंदी उठली तरी पगार नव्हताच; १९१२ पर्यंत वडिलांच्या पैशांवर गुजराण चालली. पहिल्या महायुद्धात हान सैन्यात असताना प्रोटॅक्टिनियम या मूलद्रव्याचे बरेचसे काम बाईंनी एकटीने रेटले. शोधनिबंधावर मात्र हान यांचे नाव आधी लागले. १९२६ मध्ये त्या बर्लिन विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. जर्मनीत भौतिकशास्त्राची प्राध्यापक होणारी ही पहिलीच स्त्री.

‘केंद्रक’ ही संज्ञा भौतिकीत उसनी आली आहे. रॉबर्ट ब्राउन यांनी १८३१ मध्ये वनस्पतींच्या पेशींतील गाभ्याला ते नाव दिले. रदरफोर्ड यांनी अणूचा गाभा शोधल्यावर तेच त्याला चिकटले. १९३२ मध्ये न्यूट्रॉन सापडला. दोन वर्षांनी रोममध्ये एन्रिको फर्मी यांनी युरेनियमवर न्यूट्रॉनचा मारा केला. युरेनियमहून जड अशी नवी मूलद्रव्ये त्यातून निर्माण होतात, असा समज झाला. लीझबाईंनी हान यांना या कामासाठी राजी केले. फ्रिट्झ स्ट्रासमान हे तरुण रसायनशास्त्रज्ञ येऊन मिळाले. चार वर्षे हे तिघे मृगजळामागे धावत होते, हेही सांगितले पाहिजे. केंद्रकाचे मोठे तुकडे होत असतील, असे इडा नोडाक यांनी १९३४ मध्येच सुचवले होते. कोणी लक्ष दिले नाही, माइट्नर यांनीही नाही.

मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. लीझबाईंचे ऑस्ट्रियन पारपत्र त्यामुळे कवडीमोल ठरले. १३ जुलै रोजी डच शास्त्रज्ञ डर्क कोस्टर यांच्यासोबत त्यांनी रेल्वेने सीमा ओलांडली. पर्समध्ये दहा मार्क आणि हान यांनी अडीनडीला दिलेली त्यांच्या आईची हिऱ्याची अंगठी. वय एकोणसाठ. स्टॉकहोममध्ये आसरा मिळाला, पण ना धड उपकरणे, ना मदतनीस.

डिसेंबरात हान यांचे पत्र आले. युरेनियमच्या माऱ्यातून बेरियम निघत होते, म्हणजे जवळपास निम्म्या वजनाचा अणू! हे कसे शक्य आहे, असा त्यांचा प्रश्न होता. नाताळसाठी बाई कुंगेल्व गावी आल्या होत्या. भाचा ओटो फ्रिश हाही भौतिकशास्त्रज्ञ, तो तेथे भेटला. दोघे बर्फातून फिरायला निघाले, तो स्कीवर आणि मावशी पायी. मग एका ओंडक्यावर बसून त्यांनी कागदाच्या चिठोऱ्यांवर गणित मांडले. केंद्रक म्हणजे पाण्याचा थेंब मानला, तर त्याला एकसंध ठेवणारा पृष्ठताण युरेनियममध्ये विद्युतभारांच्या परस्पर अपकर्षणामुळे जवळजवळ संपुष्टात येतो. न्यूट्रॉनचा किंचित धक्का बसताच थेंब मध्ये आवळतो आणि दुभंगतो. दोन तुकडे सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेने परस्परांपासून दूर फेकले जातात. ही ऊर्जा येते कोठून? तुकड्यांचे एकूण वस्तुमान प्रोटॉनच्या एक पंचमांशाने कमी भरत होते, आणि आइन्स्टाइन यांच्या सूत्राप्रमाणे हिशेब नेमका जुळत होता. कोपनहेगनला परतल्यावर फ्रिश यांनी अमेरिकी जीवशास्त्रज्ञ विल्यम आर्नोल्ड यांना विचारले, एका पेशीच्या दोन होतात त्याला काय म्हणतात? उत्तरात जो शब्द मिळाला तोच केंद्रकाच्या विखंडनाला बहाल झाला. निबंध फेब्रुवारी १९३९ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आला.

हान आणि स्ट्रासमान यांचा निबंध जानेवारीतच निघाला होता, माइट्नर यांच्या नावाविना. नाझी राजवटीत पळून गेलेल्या ज्यू सहकाऱ्याचे नाव छापणे धोक्याचे होते, हे मान्य. पण राजवट कोसळल्यावरही हान हा शोध केवळ रसायनशास्त्राचा असल्याचे सांगत राहिले, याचे समर्थन कठीण आहे. १९४४ चे रसायनशास्त्राचे नोबेल नोव्हेंबर १९४५ मध्ये जाहीर झाले, एकट्या हान यांना. स्ट्रासमानही वगळले गेले. लीझबाईंचे नाव आयुष्यभरात चाळीसहून अधिक वेळा सुचवले गेले. पारितोषिक कधीच मिळाले नाही.

अणुबाँबच्या कामाचे निमंत्रण त्यांनी १९४३ मध्ये साफ नाकारले होते. तरी युद्धानंतर वृत्तपत्रांनी त्यांना बाँबची जननी ठरवले, याचा त्यांना मनस्वी संताप येई. जर्मनीत राहून काम करणाऱ्या सहकाऱ्यांना त्यांनी पत्रांतून कठोर शब्दांत जाब विचारला; १९३३ मध्येच आपण देश सोडायला हवा होता, अशी कबुलीही दिली. हान यांच्याशी मैत्री मात्र तुटू दिली नाही.

१९६६ चा फर्मी पुरस्कार तिघांना मिळून देण्यात आला. जुलै १९६८ मध्ये हान वारले. केंब्रिजमध्ये अंथरुणाला खिळलेल्या लीझबाईंना ते कळू दिले गेले नाही. २७ ऑक्टोबरला त्यांनीही डोळे मिटले. १९९७ मध्ये १०९ क्रमांकाच्या मूलद्रव्याचे माइट्नेरियम हे नाव अधिकृत झाले. १०५ व्या मूलद्रव्यासाठी सुचवलेले हानियम हे नाव त्याच वेळी मागे पडले.