मातृहीन भिवा आणि मीराआत्या



परमपूज्य बाबासाहेबांची तसबीर आज आपल्या प्रत्येक घरात आहे. त्या तसबिरीतील करारी चेहरा पाहताना, हेच बाबासाहेब एके काळी आईविना पोरके झालेले लेकरू होते, याचा आपल्याला विसर पडतो. दीक्षा घेतलेल्या प्रत्येक आईबापाने ते बालपण समजून घ्यावे. माणूस पुढे पत्नीशी, मित्राशी, समाजाशी कसा वागतो, त्याचे बी लहानपणीच पेरले जाते.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे भीमरावांचा जन्म झाला. रामजी सुभेदार आणि भीमाबाई यांचे ते चौदावे अपत्य. घरात त्यांना भिवा म्हणत. रामजी लष्करातून निवृत्त झाल्यावर कुटुंब दापोलीला व नंतर साताऱ्याला आले. तेथे भीमाबाई वारल्या. भिवा तेव्हा जेमतेम पाच वर्षांचा होता.

अशा वेळी रामजींची बहीण मीराबाई पुढे आली. तिच्या पाठीला कुबड होते, पण त्याच पाठीवर तिने भावाचा संसार पेलला. भिवा तिचा फार लाडका. रात्री तो तिच्या जवळच झोपे.

घराबाहेर काय होते, ते तुम्हाला सांगायला नको. शाळेत बसायला घरून गोणपाट न्यावे लागे. शिपायाने नळ सोडला नाही तर तहान तशीच मारावी लागे. न्हावी या मुलांच्या केसांना हात लावीत नसे, म्हणून थोरली बहीण घरीच भावांचे केस कापी. विचार करा, बाहेर ज्या डोक्याचा विटाळ होई, त्याच डोक्यावरून घरी बहिणीचा हात फिरे! शाळेतही आंबेडकर नावाचे एक ब्राह्मण गुरुजी आपल्या शिदोरीतील भाजीभाकरी त्याला देत. सवर्ण समाजाचे दुष्टपण सोसूनही सवर्णांतील भल्या माणसांशी बाबासाहेबांनी आयुष्यभर स्नेह ठेवला. त्या घासाची आठवण त्यांनी अखेरपर्यंत जपली.

पण घरातही सारे सुरळीत नव्हते. रामजींनी दुसरे लग्न केले. आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर पाहून भिवाचे मन पेटले. मुंबईला जाऊन गिरणीत काम करायचे आणि स्वतःच्या पायावर उभे राहायचे, असे त्याने ठरवले. भाड्यासाठी तो रात्री आत्याच्या कमरेची पिशवी चोरू पाहू लागला. अखेर चौथ्या रात्री पिशवी हाती लागली. आत होता फक्त अर्धा आणा! त्या क्षणी मुलगा शरमला आणि त्याने अभ्यासाकडे मन वळवले. दुखावलेले मूल कुठल्या टोकाला जाते, हे येथे ध्यानात घ्या.

पुढे परळच्या डबक चाळीतील एका खोलीत रामजींनी त्याच मुलाच्या शिक्षणासाठी जिवाचे रान केले. पहाटे दोनला ते त्याला अभ्यासाला उठवीत. पुस्तकांसाठी लग्न झालेल्या मुलींचे दागिने मागून आणून गहाण ठेवीत. बापाविषयीची अढी या कष्टांनी विरघळली. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, तो बाबासाहेबांनी आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला.

मैत्रीही त्यांनी अशीच जपली. १९१३ साली न्यूयॉर्कला भेटलेले पारशी मित्र नवल भथेना हे जन्माचे सोबती झाले. १९२० साली अपुरे शिक्षण पुरे करण्यास लंडनला जाताना याच मित्राने कर्जाऊ पैसे दिले.

माता रमाईही लहानपणीच आईबापांना मुकलेल्या. दोन पोरक्या जिवांचा हा संसार होता. त्यात चार लेकरे गेली, दारिद्र्य होते, आणि चळवळीमुळे बाबासाहेबांना घराला वेळ देता आला नाही. त्याची जाणीव त्यांना होती. १९३५ साली रमाई गेल्या. पुढे पाकिस्तानवरील ग्रंथ त्यांनी रमाईंच्या स्मृतीस अर्पण केला आणि तिच्या धीराची नोंद करून ठेवली.

भगवान बुद्धांचेही असेच. महामाया सातव्या दिवशी गेल्या, आणि मावशी महाप्रजापतीने सिद्धार्थाला वाढवले. जन्म देणारीच आई असते असे नाही, माया देणारीही आई असते.

सिगाल नावाचा तरुण रोज सहा दिशांना नमस्कार करी. तथागतांनी त्याला खऱ्या दिशा दाखवल्या: पूर्व म्हणजे मातापिता, दक्षिण गुरू, पश्चिम पत्नी व मुले, उत्तर मित्र. देव्हारे काढून टाकलेल्या आपल्या घरांत आता या दिशांची पूजा व्हायला हवी. ती फुलांनी नव्हे, वागणुकीने होते.

तेव्हा बाहेरचा अपमान घरी आणून मुलांच्या पाठीवर काढू नका. संध्याकाळी वंदनेला त्यांना जवळ बसवा आणि शाळेत काय घडले ते विचारा. पोरके किंवा सावत्र मूल घरात असेल तर त्याच्या ताटात आधी वाढा. मूल रुसले तर त्याचे दुःख शोधा. तुमच्या घरातल्या भिवाला मीराआत्या मिळाली पाहिजे.

जयभीम!