बिनपगारी काम मागून घेतलं आणि सलीम अलींनी निजामाच्या राज्यातले पक्षी नोंदवले

नाथसागराचं पाणी ओसरायला लागलं की पैठणजवळ रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो उतरतात. शेजारच्या जालना जिल्ह्यातूनही लोक ते बघायला जातात. पण खाऱ्या पाण्यातला हा पक्षी मराठवाड्यात येतोच कसा?

याचं उत्तर शोधताना सलीम अलींना टाळता येत नाही.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईतला. आईवडील लहानपणीच गेले, मामांनी वाढवलं. पुढे ते बर्लिनला जाऊन पक्षीशास्त्र शिकले. १९३० मध्ये परत आले, तर हातात नोकरी नव्हती.

मग त्यांनी एक मार्ग काढला. संस्थानांनी फक्त खर्च द्यायचा, पक्ष्यांची पाहणी ते फुकट करणार. १९३१ मध्ये हैदराबाद संस्थानात काम सुरू झालं. जालना तेव्हा याच संस्थानात होतं. रानातल्या मुक्कामांची सगळी व्यवस्था पत्नी तेहमिना बघायच्या. १९३९ मध्ये त्या गेल्या. सलीम अली खचले, पण काम थांबलं नाही.

१९४५ मध्ये ते कच्छच्या रणात पोहोचले. तिथे चिखलाच्या घरट्यांची अख्खी वसाहत पसरली होती. त्यांच्या अंदाजाने तिथे सुमारे ५ लाख रोहित होते.

कोडं इथेच सुटतं. पावसाचं पाणी रणात साचलं की रोहित तिथे वीण करतात. पिल्लं उडू लागतात, रण आटतं, मग थवे अन्नासाठी पांगतात. कुणी ठाण्याच्या खाडीत, कुणी उजनीवर, तर कुणी नाथसागरावर. १९७६ मध्ये जायकवाडी धरणाचं लोकार्पण झालं. पाणी उतरलं की त्याच्या काठाला उथळ चिखल उघडा पडतो. त्यातलं शेवाळ आणि बारीक जीव हेच रोहितांचं खाणं.

१९८६ मध्ये जायकवाडी पक्षी अभयारण्य जाहीर झालं. पुढच्याच वर्षी सलीम अली गेले. छत्रपती संभाजीनगरातल्या तलावाला आज त्यांचं नाव आहे.

रोहितांना मात्र एक पाणथळ पुरत नाही. वीण रणात आणि पोट खाडीत, धरणावर. यातलं एक जरी बुजलं, तरी थवा कमी होणार.