सुपाऱ्या आटलेला मोझार्ट

मी हौसेने तबला वाजवतो. सुपाऱ्या थांबल्या की मला मोझार्ट आठवतो. १७८४ साली व्हिएन्नात त्याच्या मैफलींना १७४ वर्गणीदार होते. १७८९ मध्ये यादी पंधरा दिवस फिरली. नाव पडले एकच, बॅरन फान स्वीटन यांचे! तुर्कांशी युद्ध जुंपले होते, अनेक उमराव शहर सोडून गेले होते. मोझार्टने कापडाच्या व्यापारी मित्राकडे वारंवार उसने मागितले (ती पत्रे वाचवत नाहीत), दरबारी नृत्यांसाठी संगीत लिहिले, हेन्डेलच्या रचना नव्या वाद्यमेळासाठी बांधल्या. १७९० मध्ये शिष्य दोनच. हवे होते आठ. १७९१ मध्ये उपनगरातील नाट्यगृहात त्याच्या ‘जादूच्या बासरी’ला गर्दी लोटली. त्याच वर्षी ५ डिसेंबरला, अवघ्या ३५ व्या वर्षी, तो गेला.