अहरोन आधीच निघाला होता

आजचं वाचन : निर्गम ४:१०–१६



आजच्या वाचनात मोशे देवाला कारण सांगतोय. मला बोलता येत नाही, माझी जीभ जड आहे, दुसऱ्या कुणाला तरी पाठव. देव रागावतो, पण सोय करतो. भाऊ अहरोन तुझ्या वतीने बोलेल, म्हणतो. हा भाग आपण अनेकदा ऐकलाय. पण १४व्या वचनात एक छोटी गोष्ट आहे, ती पटकन निसटते. देव हे बोलतोय तेव्हा अहरोन घरी बसलेला नाही. तो मोशेला भेटायला वाटेवर आहे. मोशेची अडचण तोंडातून बाहेर पडायच्या आधीच तिचं उत्तर चालायला लागलं होतं.

हे वाचताना मला आपल्या शेजारच्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया आठवतात. भिवंडी रोडहून दिवा–वसई गाडी पकडली की ज्या गावी आपण उतरतो, त्याच वसईत त्यांचा जन्म झाला, १५५७च्या सुमारास. तेव्हा वसईवर पोर्तुगीजांचं राज्य होतं. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. येशूसंघाच्या धर्मगुरूंकडे त्यांचं शिक्षण झालं. पंधराव्या वर्षी, म्हणजे १५७२च्या आसपास, ते त्या मिशनरींबरोबर जपानला गेले.

तिथे त्यांनी सुमारे आठ वर्षं धर्मशिक्षकाचं काम केलं. लोकांमध्ये राहून जपानी भाषा शिकले, इतकी की ती त्यांच्या जिभेवर बसली. त्यांची एकच इच्छा होती, येशूसंघात प्रवेश मिळावा. तो मिळाला नाही. वाट पाहिली, पण दार उघडलं नाही.

इथे थोडं थांबूया. ऐन तारुण्याची आठ वर्षं एका कामाला दिली, आणि ज्यांच्यासोबत राबलो त्यांनीच आपल्यात घेतलं नाही. मग त्या आठ वर्षांचं काय करायचं? त्या भाषेचं काय करायचं? तुमच्यापैकी काहींना हा प्रश्न पुस्तकातला वाटणार नाही. नोकरीत, लग्नाच्या बोलणीत, कधी मंडळीच्या सेवेतसुद्धा तो येतो.

गोन्सालो व्यापारात शिरले. धंदा चांगला चालला, पूर्वेकडच्या बंदरांत येणं-जाणं वाढलं. त्यातूनच ते फिलिपिन्समध्ये मनिलाला पोचले. मनिला म्हणजे स्पॅनिश लोकांचं शहर, १५७१पासून त्यांची तिथली राजधानी. जहाजं मेक्सिकोहून यायची. राज्यकारभार स्पॅनिशमध्ये, मठातलं बोलणंही स्पॅनिशमध्ये. तिथे ते फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले.

या नव्या सेवकाचे सुरुवातीचे दिवस डोळ्यांसमोर आणा. भाषा पोर्तुगीजच्या जवळची, पण तीच नव्हे. मराठी माणसाला कोकणी कळते, पण बोलायला गेलं की जीभ अडखळते, तसं काहीसं. आणि संघाचा नियम तर त्यांच्या आधीच्या आयुष्याच्या अगदी उलटा. फ्रान्सिस्कन बंधूने पैसा जवळ बाळगायचा नाही. काल जो माणूस नफा-तोटा मोजत होता, तो आज जाडाभरडा झगा घालून अनवाणी. शिवाय ते धर्मगुरू झाले नाहीत, साधे बंधूच राहिले. मठात अशा बंधूंच्या वाट्याला हाताने करायची कामं यायची. वेदी आणि प्रवचन धर्मगुरूंचं.

मग १५९२ साल आलं. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याने मनिलाकडे शरणागतीची मागणी केली. स्पॅनिश गव्हर्नरला त्याच्याकडे दूत पाठवणं भाग होतं. १५९३मध्ये पेद्रो बाउतिस्ता या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंना पाठवायचं ठरलं. माणूस विद्वान, पण जपानी येत नव्हती. आणि त्याच संघात, बंधूंच्या रांगेत, एक वसईचा माणूस होता ज्याला ती उत्तम येत होती.

वीस वर्षांपूर्वी वसईहून निघालेला अहरोन असा वेळेवर पोचला.

हिदेयोशीच्या दरबारात गोन्सालो पेद्रोंचं तोंड झाले. पुढे क्योतोमध्ये फ्रान्सिस्कनांना जागा मिळाली. त्यांनी तिथे चर्च बांधलं, कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय उभं केलं.

माझं काम सॉफ्टवेअरचं. क्लायंटचं म्हणणं टीमला आणि टीमचं म्हणणं क्लायंटला समजावणारा एक माणूस मध्ये असतो. सगळं नीट झालं तर त्याचं नाव कुठल्या मेलमध्ये येत नाही, बिघडलं तर मात्र पहिला फोन त्यालाच. आपल्या भिवंडीत तर हे घरोघरी दिसतं. लूमवरचा तेलुगू कारीगर, उत्तर प्रदेशातून आलेला मुकादम, कचेरीतला मराठी कारकून. दवाखान्यात आईचं दुखणं डॉक्टरला समजावून सांगणारी दहा-बारा वर्षांची मुलगी. दुसऱ्याचा शब्द जपून पोचवणं ही मोठी सेवा आहे, पण ती सेवा आहे हे फार कुणाच्या लक्षात येत नाही.

गोन्सालोंची सेवा मात्र तिथेच संपली नाही. १५९६च्या ऑक्टोबरमध्ये ‘सान फेलिपे’ नावाचं स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागून फुटलं. मालाच्या जप्तीवरून वाद पेटला, स्पॅनिश लोकांबद्दल संशय वाढला, आणि हिदेयोशीने मिशनरींना मृत्युदंड दिला. डिसेंबरमध्ये गोन्सालो पकडले गेले. जानेवारीत क्योतोमध्ये सगळ्या कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला, धिंड काढली, आणि ऐन थंडीत नागासाकीपर्यंत नेलं. निघाले तेव्हा २४ होते, वाटेत आणखी दोघे त्यांच्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रूसावर बांधून भाल्यांनी भोसकलं. त्यात सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघी, आणि बाकीचे सतरा साधे जपानी विश्वासणारे. सर्वात लहान मुलगा बारा वर्षांचा.

जरा पाहा, ज्या संघाने गोन्सालोंना घेतलं नव्हतं त्याचे बंधूही त्याच रांगेत होते. तिथे कोण कुठल्या संघाचा, कोण धर्मगुरू आणि कोण साधा बंधू, याला काही अर्थ उरला नाही. आयुष्यभर इतरांचे शब्द पोचवणारा हा माणूस शेवटी स्वतःच एक साक्ष झाला, आणि ती समजायला दुभाष्या लागत नव्हता.

८ जून १८६२ रोजी पोप पायस नववे यांनी या २६ जणांना संत घोषित केलं. भारतात जन्मलेले पहिले कॅथलिक संत ते हेच, आपल्या शेजारच्या वसईचे.

प्रियांनो, नकार मिळाला म्हणजे शिकलेलं वाया गेलं असं नाही. जपानमधली ती आठ वर्षं देवाने बाजूला जपून ठेवली होती. तुमच्याही आयुष्यात असं एखादं अर्धवट राहिलेलं काम असेल, कुणाला नको झालेलं एखादं कौशल्य असेल. ते कधी आणि कसं वापरलं जाईल, हे मी सांगू शकत नाही. गोन्सालोंनाही मनिलात ते ठाऊक नव्हतं. त्यांनी फक्त हातातलं काम केलं.

आजसाठी : आपल्या वतीने कधीतरी बोललेल्या एका माणसाचं नाव आठवा, आणि त्याच्यासाठी दोन मिनिटं प्रार्थना करा.

प्रार्थना : हे प्रभू, ज्या दारातून आम्हांला परत पाठवलं गेलं, तिथली कटुता काढून घे. तिथे जे शिकलो ते तुझ्या हाती ठेवतो. आणि जेव्हा कुणाला आमच्या तोंडाची गरज पडेल, तेव्हा आम्ही वाटेवरच असू दे. आमेन.