ओसरीवरून मारलेले खडे

न्यू जर्सीत आमच्या घरापासून वीस-पंचवीस मिनिटांवर रोझेल नावाचं छोटं गाव आहे. त्या गावावरून मी किती वेळा गेलो असेन, पण १८८३ साली नऊवारी नेसलेली एक अठरा वर्षांची मुलगी कलकत्त्याहून येऊन इथे राहिली होती, हे परवापरवापर्यंत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आनंदीबाई जोशी, पहिल्या भारतीय महिला डॉक्टरांपैकी एक, असं शाळेत पाठ केलेलं. सिनेमाही पाहिलेला. त्यापलीकडे काही नाही.

त्यांची आठवण झाली ती माझ्या मावसबहिणीमुळे. ती जर्मनीत शिकते. तिकडचे प्रवेश, खर्च वगैरेंची माहिती देणारा एक साधा व्हिडिओ तिनं मराठीत टाकला होता. त्याच्याखाली लोकांनी तिच्या उच्चारांवर, केसांवर, कपड्यांवर, आईवडिलांच्या संस्कारांवर काय काय लिहिलं ते इथे लिहिणार नाही. त्यातलीच एक ‘मजेशीर’ कमेंट कुणीतरी आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली, आणि मी तिच्याखाली हसरा चेहरा टाकला. ऑफिसच्या दोन मीटिंगांच्या मधे, विचार न करता. तिनं तो व्हिडिओ काढून टाकला, ग्रुपही सोडला. त्यानंतर मी आनंदीबाईंचं चरित्र वाचायला घेतलं.

माहेरच्या त्या यमुना, ३१ मार्च १८६५ चा जन्म. नवव्या वर्षी लग्न, नवरा गोपाळराव पोस्टात नोकरीला आणि वयानं वीसएक वर्षांनी मोठा. बायकोला शिकवायचंच हा त्यांचा ध्यास. चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहाच दिवसांत गेला. बायकांच्या आजारपणाला बाई डॉक्टर हवी, हे त्या कोवळ्या आईनं तिथेच मनाशी धरलं असं म्हणतात.

गोपाळरावांच्या बदल्यांमागून अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता असा संसार फिरला. मुंबईत त्या मिशनरी शाळेत चालत जात. हातात पुस्तकं, पायात बूट. एवढंच पुरेसं होतं. येणारेजाणारे भोवती गोळा होऊन हसत, दुकानदार त्यांना पाहून थुंकत, अचकटविचकट हातवारे करत. आणि जे सभ्यपणे आपल्या ओसरीवर बसलेले असत, ते तिथूनच शेरे मारत, खडेही मारत. मला हा ओसरीचा तपशील फार लागला. मी ज्या प्रकारचं काम करतो त्यात शिव्यांचे शब्द ओळखून गाळणारे प्रोग्रॅम रोज बघतो. रस्त्यावर थुंकणारा त्यात सापडतो. ओसरीवरचा सभ्य माणूस बहुतेक वेळा निसटतो.

हे सगळं आपल्याला ठाऊक आहे ते त्यांनी स्वतःच सांगितलं म्हणून. गोपाळरावांनी कोल्हापुरात असताना बायकोच्या शिक्षणासाठी वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याला पत्र लिहिलं होतं. वाइल्डरांनी ते आपल्या मासिकात छापलं, वर ख्रिस्ती होण्याचा सल्लाही दिला. खासगी पत्र असं चव्हाट्यावर! पण रोझेलच्या थिओडोसिया कार्पेंटर या बाईंनी दातांच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या तो अंक वाचला आणि या अनोळखी मुलीला पत्र लिहिलं. पुढे आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

जायचं ठरल्यावर टीकेचा जोर आणखी वाढला. एकटी बाई समुद्र ओलांडणार, बाटणार, परत येणारच नाही. तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहात त्या उभ्या राहिल्या. म्हणजे बंगालमधलं श्रीरामपूर, तिथे गोपाळराव पोस्टमास्तर होते. त्यांनी इंग्रजीत भाषण केलं. अमेरिकेलाच का, इथे शिकायची सोय नाही का, एकटी का, जातीबाहेर टाकलं तर काय, असे लोकांचे प्रश्न एकेक करून घेतले आणि प्रत्येकाला उत्तर दिलं. रस्त्यातल्या खड्यांचं आणि थुंकण्याचंही तिथेच सांगितलं, न रडता, न चिडता. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन असं जाहीर केलं. ७ एप्रिलला बोट निघाली.

फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात त्या शिकल्या. पेनसिल्व्हेनियाची थंडी इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. त्यात खोलीतली शेगडी ऊब कमी आणि धूर जास्त देणारी. शाकाहार सोडला नाही. नऊवारीत थंडी बाधते म्हणून गुजराती पद्धतीची साडी नेसू लागल्या, तर त्याचाही खुलासा गोपाळरावांना पत्रातून करावा लागला. परक्या लोकांचे खडे त्यांनी झेलले, पण ज्यानं इथवर पोचवलं त्याच माणसाच्या पत्रांतले टोमणे आणि संशय त्यांना जास्त लागले असणार. एका पत्रात त्यांनी नवऱ्याला आठवण करून दिली, की दहाव्या वर्षी लाकडानं मारलंत, बाराव्या वर्षी खुर्च्या-पुस्तकं फेकलीत, चौदाव्या वर्षी सोडून जायची धमकी दिलीत. ही वागणूक चांगली की वाईट हे ठरवणं कठीण, असंही लिहिलं. शिक्षणाच्या दृष्टीनं योग्य असेल, पण लहान मुलीच्या मनाच्या दृष्टीनं नाही. वय एकोणीस-वीस. इतकं नेमकं आणि इतकं समतोल मला आजही लिहिता येणार नाही.

११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई आल्या होत्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जागा ठरली होती, पण क्षयानं गाठलं. वर्षअखेर त्या परतल्या त्याच आजारी होऊन. कोल्हापूरला रुजू होणं झालंच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या, बावीस वर्षं पुरी व्हायच्या आत. मग मात्र वर्तमानपत्रांतून गौरवाचे लेख आले.

अस्थी गोपाळरावांनी मावशीकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यात पकिप्सीला कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत त्या आहेत. गेल्या रविवारी मी एकटाच गाडी काढून गेलो. दफनभूमी मोठी आहे, शोधायला वेळ लागला. साधा दगड, त्यावर शिक्षणासाठी हिंदुस्थानाबाहेर पडलेली पहिली ब्राह्मण स्त्री अशा अर्थाची नोंद.

फोटो काढला. कुठल्याच ग्रुपवर टाकला नाही, फक्त मावसबहिणीला पाठवला. खाली त्या हसऱ्या चेहऱ्याबद्दल माफी मागितली, इतके दिवस राहून गेलेली. संध्याकाळी तिचं उत्तर आलं. माफीविषयी अक्षर नाही. दादा, फुलं नेली होतीस का, एवढंच विचारलं होतं.

नेली नव्हती.