डॉ. आयडा स्कडर

यंदाच्या अंकांत आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस व पालकांस वेल्लोरच्या डॉ. आयडा स्कडर यांचा परिचय करून देत आहों.

बाईंचा जन्म १८७० सालीं मद्रास इलाख्यांतील रानीपेट येथें झाला. आजोबा व वडील दोघेही मिशनरी डॉक्टर होते. तथापि लहानपणीं दुष्काळ पाहिलेल्या या मुलीस ह्या देशांत राहण्याची मुळींच इच्छा नव्हती. अमेरिकेंतील शिक्षण आटोपून त्या आजारी आईच्या शुश्रूषेसाठीं तिंडिवनम येथें आल्या, त्याही थोड्या काळापुरत्याच.

तेथें एका रात्रीं तीन गृहस्थ एकामागून एक दाराशीं आले. एक ब्राह्मण, एक मुसलमान व एक अन्य उच्चवर्णीय हिंदु. तिघांचें संकट मात्र एकच; घरीं तरुण पत्नी अडली होती. बाईंना वैद्यक येत नव्हतें. वडील जावयास तयार होते. परंतु परपुरुषानें पत्नीस हात लावावा, हें तिघांपैकीं एकासही रुचलें नाहीं. सकाळीं कळलें कीं, तिघीही मरण पावल्या.

वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. प्रसूति अडली हें खरें. पण जाणता डॉक्टर हाकेच्या अंतरावर होता. त्यांचा बळी घेतला तो रूढीनें व स्त्री-डॉक्टरांच्या अभावानें.

त्या रात्रीस बाईंनीं ईश्वराची हांक मानिलें. १८९९ सालीं कॉर्नेल विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेऊन त्या १९०० सालीं परतल्या. १९०२ सालीं वेल्लोर येथें स्त्रियांचें रुग्णालय उघडलें. परंतु गरिबांपाशीं गाडीभाडें नसे. सुईणीचे उपाय थकेपर्यंत उशीर होई. म्हणून बाई स्वतः खेडोपाडीं जाऊन रस्त्याच्या कडेस रोगी तपाशीत. एकटीचे हात पुरेनात, तेव्हां त्यांनीं १९०९ सालीं परिचारिकांची शाळा व १९१८ सालीं स्त्रियांसाठीं वैद्यकीय शाळा काढिली. १९६० सालीं त्या निवर्तल्या; वेल्लोरचें तें महाविद्यालय व रुग्णालय आज देशभर विख्यात आहे.

आजही अतिरक्तस्राव व बाळंतज्वर यांवर उपाय आहेत. तरी गरिबांच्या वस्त्यांत माता मरतात, कारण घरांत निर्णय होण्यास, वाहन मिळण्यास व दवाखाना गांठण्यास विलंब होतो. पालकहो, मुलीचें शिक्षण अर्ध्यावर तोडूं नका व सुनेच्या कळा सुरू झाल्यावर कोणाच्या संमतीची वाट पाहत बसूं नका. त्या तीन दारांशीं गेलेला वेळ पुन्हां आला नाहीं.